बिनकुलपाची बँक, दारांची टेबलं आणि कंपन्यांची मूल्यं

मोठ्या टेक कंपनीच्या रिसेप्शनला बसलं की समोरच्या भिंतीवर मूल्यांची पाटी हमखास दिसते. सचोटी, परस्पर आदर, ग्राहक आधी, आणि शेवटी एखादा जडजंबाल शब्द. या पाटीवरून कंपनी ओळखणं म्हणजे लग्नपत्रिकेवरून संसार ओळखण्यासारखं आहे. त्यापेक्षा सोपी परीक्षा अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात मिळते. नगर–संभाजीनगर रस्त्यावर घोडेगावला वळलं की येणारं, नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर दारांशिवाय जगतं. तिथे गेल्यावर माणूस आपसूक एकच गोष्ट बघतो: कुलूप कुठे आहे, कुठे नाही आणि का नाही. हाच प्रश्न घेऊन पुण्यापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या कंपन्यांत डोकावलं, तर बऱ्याच गमती हाती लागतात.

चौकट आहे, दार नाही

शिंगणापुरातल्या पारंपरिक घराला चौकट असते, पडदा असतो, पण कडीकोयंडा नसतो. कुत्रं-मांजर आत शिरू नये म्हणून चौकटीला एखादी फळी टेकवून ठेवतात, बस्स. चोरी करणाऱ्याला शनिदेव तिथल्या तिथे शिक्षा देतो, त्याची दृष्टी जाते, अशी गावाची श्रद्धा. गावाला पोलीस ठाणं मिळालं ते थेट २०१५ साली. मॅनेजमेंटच्या चष्म्यातून बघा: नियम एकच, तो पोराटोरांनाही पाठ, शिक्षा तत्काळ, वशिला चालत नाही. आणि एचआर विभाग शून्य! असा नियम कंपनीत आणायचा म्हटलं तर आधी समिती बसेल, मग उपसमिती.

आता गावात कधी काही घडलंच नाही असं नाही. २०१० आणि २०११ मध्ये बाहेरून आलेल्या भाविकांच्या चोरीच्या तक्रारी पोलिसांत गेल्या होत्या. पण त्या बातम्या देशभर छापून आल्या, यातच सगळं आलं. दुसऱ्या कुठल्या गावात पाकीट मारलं गेलं तर कोण छापतो?

साहेब स्वतः उघड्यावर

गावातल्या सर्वोच्च पदाकडे बघा. साधारण साडेपाच फुटांची काळी शिळा, खाली चौथरा, वर आभाळ. कळस नाही, छप्पर नाही. आख्यायिका अशी की पनासनाल्याच्या पुरात वाहत आलेल्या या शिळेसाठी गावकरी देऊळ बांधायला निघाले, तेव्हा देवाने स्वप्नात सांगितलं, आकाश हेच माझं छत. म्हणजे रयतेला दार नाही आणि देवाला छप्परही नाही. नेतृत्वाचा पहिला धडा इथेच मिळतो: गैरसोयीत साहेबांचा वाटा थोडा जास्तच हवा.

हा धडा इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांना न सांगता समजला होता. अब्जावधी डॉलरच्या कंपनीचे प्रमुख असूनही ते साधारण ८ फूट बाय ९ फुटांच्या क्युबिकलमध्ये बसत. केबिन नाही, दार नाही, अर्ध्या उंचीचं पार्टिशन तेवढं. पण भोळेपणा मात्र नाही! सत्तरच्या दशकात इंटेलमध्ये सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनंतर येणाऱ्याला वहीत सही करावी लागे. दार उघडं, पण उंबऱ्यावर वही.

कडी तोडणारा मालक

शिंगणापूरशी सर्वांत जवळचं नातं सांगेल अशी कंपनी म्हणजे जुनी ह्यूलेट-पॅकार्ड. १९३९ साली पालो आल्टोच्या एका गॅरेजमध्ये ५३८ डॉलरवर उभी राहिली. कुणाचं नाव आधी लावायचं ते नाणं उडवून ठरलं.

दोघा संस्थापकांपैकी डेव्ह पॅकार्ड त्याआधी जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होते. तिथे हत्यारं आणि सुटे भाग यांवर कडक पहारा असे. पॅकार्ड यांनी पुढे लिहून ठेवलंय की, आपल्यावर एवढा अविश्वास दाखवतात ना, मग तो खराच करून दाखवू, अशा ईर्ष्येने तिथली माणसं वस्तू पळवत. आपल्या कंपनीत त्यांनी उलटं केलं. सामानाची खोली कायम उघडी. इंजिनिअरला रात्री घरी काही खटपट करायची असेल, तर खुशाल घेऊन जा.

एका शनिवार-रविवारी बिल ह्यूलेट कारखान्यात आले. सूक्ष्मदर्शक हवा होता, आणि सामानाच्या खोलीला कुलूप! मालकाने चावी शोधत बसण्याऐवजी कडी तोडली आणि चिठ्ठी ठेवली: ही खोली पुन्हा कुलूपबंद करू नका. ‘विश्वास हे आमचं मूल्य’ अशा हजार पाट्यांनी जे झालं नसतं, ते एका तुटलेल्या कडीने झालं. सोमवारी ती चिठ्ठी वाचणाऱ्या स्टोअरकीपरला कंपनीचं धोरण वेगळं समजावून सांगावं लागलं नसणार.

त्याच नाटकाचा दुसरा अंक

हीच कंपनी २००६ मध्ये भलत्याच कारणाने पेपरात झळकली. संचालक मंडळातल्या गोष्टी बाहेर फुटत होत्या. कोण फोडतो हे शोधायला कंपनीने तपासनीस लावले, आणि त्यांनी खोटी ओळख सांगून चक्क संचालकांच्या आणि पत्रकारांच्या फोनच्या नोंदी मिळवल्या. प्रकरण उघडकीला आलं आणि अध्यक्षा पॅट्रिशिया डन यांना पायउतार व्हावं लागलं. संस्थापक एकदा कडी तोडून गेले म्हणजे पुढच्या सगळ्या पिढ्यांचं काम झालं, असं नसतं. ती कडी दर काही वर्षांनी कुणीतरी पुन्हा बसवतंच.

जिथे दाराचं टेबल होतं

शिंगणापुरात सुताराला दाराचं काम मिळत नाही, पण ॲमेझॉनमध्ये त्याची चांदी झाली असती. १९९५ साली जेफ बेझोस यांना टेबलं हवी होती. दुकानात पाहिलं तर टेबलापेक्षा दार स्वस्त. मग दारंच आणली, त्यांना लाकडी पाय ठोकले आणि झाली टेबलं. कंपनी अब्जावधींत गेल्यावरही ही ‘दारटेबलं’ राहिली आणि काटकसरीच्या चांगल्या कल्पनेला त्याच नावाचा पुरस्कारही सुरू झाला.

ॲमेझॉनच्या बैठकीत स्लाइड दाखवत नाहीत. सहा पानी टिपण वाटतात आणि सुरुवातीला सगळे बसून ते मुकाट्याने वाचतात. आधी वाचून आलोय अशी थाप मारायची सोयच नाही. कंपनीची नेतृत्वतत्त्वं १४ होती, २०२१ मध्ये त्यांत दोन वाढली. त्या दोनांतलं एक होतं, जगातला सर्वोत्तम मालक होण्याचा प्रयत्न करणं. गोदामांतल्या कामाच्या वेगावरून वर्षानुवर्षं टीका झाल्यावर हे तत्त्व भिंतीवर चढलं. ज्या गोष्टीवरून बोलणी बसतात, तीच अनेकदा पाटीवर उशिरा येते.

बिनकुलपाची बँक, बेमालूम कुलूप

जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने शिंगणापुरात शाखा काढली आणि ‘देशातली पहिली बिनकुलपाची बँक’ म्हणून ती गाजली. गावाचा मान राखायचा आणि ठेवीदाराचा पैसाही, असा पेच. तोडगा अस्सल भारतीय निघाला. पुढे आरपार दिसणारं काचेचं दार आणि त्याला डोळ्यांत न भरणारं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप. गाव खूश, बँक खूश.

कंपन्यांमध्ये अशी काचेची दारं पुष्कळ सापडतात. नेटफ्लिक्सचं प्रवासखर्चाचं धोरण इंग्रजीत अवघ्या पाच शब्दांचं: कंपनीचं हित बघून वागा. सुट्ट्यांचाही हिशोब नाही. ऐकून आपल्याकडच्या क्लेम भरून भरून थकलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं. पण रिमोट मॅनेजरच्या हातात आहे. हा माणूस उद्या सोडून जातो म्हणाला, तर मी त्याला थांबवायला धडपडेन का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारायचा. उत्तर ‘नाही’ आलं, की त्या माणसाला घसघशीत रक्कम देऊन निरोप. कामचलाऊ काम करणाऱ्यालासुद्धा. कंपनीने हे लपवलेलं नाही, उलट २००९ मध्ये सव्वाशे स्लाइड जगासमोर टाकून सांगितलं. कुलूप आहे हे दाखवणारी काच एवढी स्वच्छ ठेवली, तर तक्रार कशाची करणार?

दर शुक्रवारची सभा

गुगलमध्ये एकेकाळी दर आठवड्याला सगळ्या कंपनीची सभा भरायची आणि कुणीही उठून संस्थापकांना काहीही विचारू शकायचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ही सभा महिन्यावर गेली. आतल्या गोष्टी बाहेर फुटतात, हे एक कारण सुंदर पिचाई यांनी दिलं. त्याच्या वर्षभर आधी लैंगिक छळाच्या तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीविरुद्ध जगभरातले सुमारे २० हजार गुगलकर काम सोडून रस्त्यावर उतरले होते. दहा जणांत उघडं दार सोपं असतं. लाखभर माणसांत दाराशी गर्दी होते, आणि मग कुणीतरी म्हणतं, जरा लोटून घ्या.

उघडं, पण कुणासाठी?

आता थोडं अवघड जागचं. ज्या गावात घराला दार नाही, त्या गावात शनीच्या चौथऱ्यावर बायकांना मात्र चढता येत नव्हतं. आंदोलनं झाली, मुंबई उच्च न्यायालयाने कायद्याची आठवण करून दिली आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, हे न दिसणारं दार उघडलं.

टेक जगाची गोष्ट याहून फार वेगळी नाही. १९७४ साली टाटांच्या टेल्को कंपनीची नोकरीची जाहिरात आली. त्यात स्त्रियांनी अर्ज करू नये अशी ओळ होती. बेंगळुरूला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून झापलं. टाटा समूह पुढारलेला म्हणवतो, मग हे काय? मुलाखतीचं बोलावणं पुण्याहून आलं आणि टेल्कोला पहिली महिला इंजिनिअर मिळाली. त्याच पुढे सुधा मूर्ती झाल्या. कार्डाचं कौतुक आहेच, पण दाद त्या साहेबांनाही द्यायला हवी. पोस्टकार्ड वरपर्यंत पोचतं आणि त्यावर काहीतरी होतं, ही कंपनीच्या तब्येतीची उत्तम चाचणी आहे.

दहा हजारांवर उभी राहिलेली पुणेकरीण

इन्फोसिस बेंगळुरूची असं आपण म्हणतो, पण जन्मगाव पुणे. २ जुलै १९८१. पाटणी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेले नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी. भांडवल सुधाताईंच्या साठवणीतले १० हजार रुपये. १९८३ मध्ये कंपनी बेंगळुरूला गेली आणि तेव्हापासून पुणेकर हळहळतात ते आजतागायत.

मूर्तींचा एक नियम प्रसिद्ध आहे: सांगावं की न सांगावं अशी शंका आली, तर सांगून टाका. दुसरी गोष्ट १९९५ ची. उत्पन्नाचा साधारण चौथा हिस्सा देणारी जनरल इलेक्ट्रिक दर पाडून मागत होती. इन्फोसिसने नाही म्हटलं आणि गिऱ्हाईक जाऊ दिलं. त्यानंतर एका गिऱ्हाइकावर फार विसंबायचं नाही, हे कंपनीने गाठीशी बांधलं. पगाराच्या तारखेला धाकधूक झाली असेल तो भाग वेगळा, पण मूल्य म्हणतात ते याला. त्याची किंमत मोजावी लागते, तीही चालू महिन्यात.

कुलपं विकणारे भाऊ

शिंगणापुरात ज्यांचा धंदा चालणार नाही अशी पुण्याची कंपनी म्हणजे क्विक हील. तिचे संस्थापक कैलास काटकर मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सोडलं आणि रेडिओ, कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम धरलं. धाकट्या संजयला मात्र संगणक शिकायला लावलं. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायचे. ते काढायला संजयने प्रोग्रॅम लिहिले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला क्विक हील बाजारात आलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात पोचली.

या घरातली कामाची वाटणी बघण्यासारखी आहे. गिऱ्हाईक ओळखणारा थोरला कारभारात, कोड जाणणारा धाकटा तंत्रज्ञानात. ज्याला जे येतं त्याने ते करावं, हे साधं सूत्र कित्येक डिग्रीवाल्या संचालक मंडळांना जमत नाही.

वेदांच्या गल्लीतले कोडर

१९९० साली आनंद देशपांडे पालो आल्टोहून पुण्याला परतले आणि त्यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. परतण्याआधी नोकरी कुठे? त्याच कडी तोडणाऱ्या ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत.

पर्सिस्टंटची एक गमतीशीर ओळख म्हणजे इमारतींची नावं. सेनापती बापट रस्त्यावर ‘भगीरथ’, एरंडवण्यात ‘आर्यभट्ट-पिंगळ’, नागपुरात ‘गार्गी’ आणि ‘मैत्रेयी’, हिंजवडीत चारही वेद. ‘टॉवर बी, विंग सी’ असल्या पत्त्यांच्या जगात इथला माणूस सकाळी डबा घेऊन सामवेदात जातो. नावाने संस्कृती बनत नाही हे खरं, पण कंपनीला काय मिरवावंसं वाटतं ते कळतं. २०२२-२३ मध्ये या कंपनीचं वार्षिक उत्पन्न १ अब्ज डॉलरच्या पुढे गेलं.

पदक आधी, कबुली नंतर

२००८ मध्ये हैदराबादच्या सत्यम कंप्युटर्सला उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. काही महिन्यांत, ७ जानेवारी २००९ ला, अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की हिशोबातले हजारो कोटी रुपये मुळात नव्हतेच. आपण वाघावर बसलो होतो, उतरायचं कसं ते कळत नव्हतं, असा त्यांचा सूर होता. पुरस्कार अर्थातच काढून घेतला गेला.

बुडती नाव त्याच वर्षी टेक महिंद्राने घेतली, जिचं मुख्यालय पुण्यात. २०१३ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. यातून एक व्यवहारी शहाणपण: रिसेप्शनच्या कपाटात ट्रॉफ्या फारच चकाकत असतील, तर बॅलन्स शीट दोनदा वाचावी.

खरी परीक्षा मंदीत

१९७० मध्ये अमेरिकेत मागणी घटली. ह्यूलेट-पॅकार्डला साधारण दहा टक्के माणसं जास्त झाली होती. त्यांनी माणसं काढण्याऐवजी एक शुक्रवार आड सगळ्यांना घरी बसवलं आणि सगळ्यांचा दहा टक्के पगार कापला. सगळ्यांचा म्हणजे अगदी वरच्यांचाही. सहा महिन्यांत ऑर्डरी परतल्या, पगारही परतला आणि अनुभवी माणसं जागेवरच होती.

जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या टीसीएसने वर्षभरात सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. तेव्हा सहा लाखांवर माणसं असलेली, टाटांची कंपनी, जिथे लागलेली नोकरी घरचे सरकारी नोकरीसारखी मानत. कंपनीचं म्हणणं होतं, काळाप्रमाणे कौशल्यं बदलायला हवीत. ते असेलही. पण हिंजवडीतल्या होमलोनवाल्या घरांत त्या आठवड्यात चर्चा मूल्यांची नव्हती, हप्त्याची होती. काळ वेगळा, धंदा वेगळा, हे मान्य. तरी दहा टक्के सगळ्यांनी सोसायचे की दोन टक्क्यांनी सगळं सोसायचं, या निवडीतच कंपनी कळते.

ॲपला चौकट नसते

शेवटची गंमत कडू आहे. ज्या गावात घरफोडीची बातमी दुर्मीळ, तिथे घोटाळा आला तो मोबाइलमधून. देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांकडून पूजेचे पैसे उकळल्याचा प्रश्न जुलै २०२५ मध्ये विधानसभेत गाजला आणि चौकशी लागली. गावातल्या विश्वासाचा आधार होता एकमेकांची ओळख. दुबईत बसून अभिषेकाचे पैसे भरणाऱ्या भक्ताला समोरचं ॲप कुणाचं, हे कसं कळणार? विश्वासावर चालणारी प्रत्येक संस्था मोठी झाली की या टप्प्यावर येते. मग तिला हिशोब उघडा ठेवावाच लागतो, तिथे देवाचं नाव असो की कंपनीचं.

ऑफर लेटर आलंय?

तर, सही करण्याआधी भिंतीवरची पाटी जरूर वाचा, मग चार गोष्टी विचारा. इथे कुलूप कशाला आहे: स्टेशनरीला, पगाराच्या आकड्यांना, की साहेबांच्या केबिनला? गेल्या मंदीत कपात कुठून सुरू झाली, वरून की खालून? धाकट्या इंजिनिअरने केलेली तक्रार वरपर्यंत गेली, असं एक तरी उदाहरण सांगता येईल का? आणि मूल्यासाठी कंपनीने शेवटचं गिऱ्हाईक कधी सोडलं? एचआरवाल्या ताई हसून विषय बदलतील, तेही उत्तरच समजा. त्याउपर खात्री करायची असेल, तर सहा महिन्यांपूर्वी ती कंपनी सोडलेल्या एखाद्या माणसाला गाठा आणि कटिंग पाजा. पहिल्या घोटात जे कळेल, ते वार्षिक अहवालाच्या दोनशे पानांत सापडणार नाही.